भरीव वांक्या

तांड्यातली बाई एक वेळ नवरा दुसऱ्याच्या भरवशावर सोडील, पण चांदी सोडायची नाही. जुना दागिना मोडायला नेला की ती सोनाराच्या शेगडीपुढं मांडी घालून बसणार. सोबत भाकर, कांदा आणि तंबाखूची पिशवी. चांदी वितळून तिचा नवा दागिना हातात पडेपर्यंत बाई उठायची नाही, मग त्याला एक दिवस लागो की चार. सोनार आईच्या नथीतलंही काढतो हे लोक काही उगाच म्हणत नाहीत, आणि सोनारही आता या डोळ्यांना सरावलेत.

पेमाही अशीच बसली होती, सेनगावात वैजनाथ सोनाराच्या दुकानात. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. बाकीच्या बाया चोरी धरायला सोनाराचा हात बघत, ही मात्र तो हात चालतो कसा ते बघत बसली. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "काका, ह्या कडीचा जोड कच्चा बसला." म्हाताऱ्यानं कानस खाली ठेवून जोड पाहिला, तर खरंच कच्चा. मग ती त्याच दुकानात झाडलोटीला लागली. झाडता झाडता भाता हाती आला, भात्यावरून मूस आली, मुशीवरून ऐरण. सोनाराची दोन्ही पोरं हिंगोलीत मोबाईल विकायला बसलेली. म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले तेव्हा त्यानं ठशांची पेटी पेमाच्या डोक्यावर ठेवली आणि दुकानाला कुलूप लावलं. कानामागून आली अन् तिखट झाली, असं बाजारात लोक म्हणाले. म्हणेनात का! पेमाला स्वतःचा हात माहीत होता.

पण हात माहीत असून भागत नाही, गिऱ्हाईक लागतं. साखऱ्याजवळच्या तांड्यात, घराच्या मागं पत्र्याखाली तिनं शेगडी मांडली त्याला दोन वर्षं झाली होती. येत काय, तर केसांतल्या घुगरीचा तुटका घुंगरू, नाहीतर पैंजणाची फिरकी. नवा दागिना घडवायला कुणी येईना. पोरी नरसीच्या रस्त्यावरच्या दुकानांतून मशीनचे पांढरे दागिने घेत, दोन महिन्यांत काळे पडले की फेकून देत. आणि म्हाताऱ्या म्हणत, आपल्यातली बाई ती, तिला काय येतंय.

यंदा सोयाबीन काढायच्या तोंडावर पाणी लागलं आणि शेंगांना जागच्या जागी कोंब फुटले. ते बघून वसराम मुकादमाची मोटारसायकल तांड्यात फिरू लागली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला कुणी विचारत नाही. पेमानं असे सहा हंगाम काढले होते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाला टेकवलेल्या फळीवरून, त्या पाटीवरून वर चढायचं, दिवसात किती वेळा ते देवाला ठाऊक. गेल्या साली पाटीवरच तिचा पाय निसटला तेव्हापासून कमरेत अशी कळ बसली होती, की सकाळी उठताना भिंत धरावी लागे.

"मला आता तिकडं यायचं न्हाई," तिनं नवऱ्याला सांगितलं होतं.

मोहनसिंग माणूस चांगला, पण निर्णय घ्यायला बैलापेक्षा मंद. त्यानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, "जिवनकाकीचं काम आलंय न्हवं तुझ्याकडं? ते बराबर होऊ दे. ती चांगलं म्हणली, तर तीन तांडे तुझ्याकडं येतेत. मंग मी मुकादमाला न्हाई म्हणतो."

"अन् न्हाई म्हणली चांगलं, तर?"

"तर बिस्तरे ट्रकात जातील. दुसरं काय?"

मुकादम गुरुवारी उत्तराला येणार होता.

ही जिवनबाई ओढ्यापलीकडच्या तांड्यातली. वय पासष्टीच्या पुढं, पण नजर अशी की सुई हरवली तर तिला विचारावं. कुणाची सून नांदेल आणि कुणाची म्हैस फसवेल हे ती आधीच सांगायची आणि तसंच व्हायचं. तिची नात पुजा हिचं लग्न ठरलं होतं. नातीला टोपली-घुगरी करायची, म्हणजे केसांत अडकवून दोन्ही गालांवर सोडायची ती चांदीची जोडी, आणि गळ्यात हांसली. त्यासाठी म्हातारीनं आपल्या आईच्या, ती म्हणायची तसं याडीच्या, वांक्या काढल्या होत्या. पायातल्या त्या जाडजूड वांक्या साऱ्या मुलखाला ठाऊक. दुसऱ्या कुणी वांक्या मिरवल्या की बाया म्हणत, असतील गं, पण जिवनबाईच्या आईसारख्या भरीव न्हाईत.

सोमवारी सकाळी पुजानं तिला स्कुटीवर आणून सोडलं. जाताजाता पोरीनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. चांदीची रुंद बांगडी, मधोमध आभाळी रंगाचा फिरोजा.

"हे अमेरिकेतले लोक हायेत काकी, नवाहो म्हणतेत. मशीन न्हाई, हातानंच करतेत. मेंढ्या राखणारे लोक. माझ्या टोपलीला असे निळे खडे बसतील का?"

पेमानं फोटो बोटांनी मोठा करून खड्याभोवतीची चांदीची पट्टी बारकाईनं पाहिली. "ह्यांचा हात चांगला हाय," ती म्हणाली. "बसतील की. कडा दाबून बसवायचे असतेत."

"निळं काहून?" जिवनबाई कुरकुरली. "आपल्यात लाल असतं." पण तोवर पोरगी निघून गेली होती.

म्हातारीनं गोणपाटावर बैठक मारली, कमरेच्या पिशवीतून एक वांकी काढून पेमाच्या हातात दिली आणि दुसरी तशीच ठेवली. एकावेळी एकच, हा तिचा कायदा.

वैजनाथ सोनाराचाही एक कायदा होता. तांड्याचा दागिना आधी ऐकायचा, मग तोलायचा. ऐरणीवर टिचकी मारायची, भरीव चांदी वेगळी बोलते, पोकळ वेगळी. पेमानं दोन वर्षांत साधी अंगठीसुद्धा ऐकल्याशिवाय घेतली नव्हती. पण ही वांकी हातात आली आणि तिनं ती कपाळाला लावली. लहानपणापासून जिचं नाव ऐकलं ती आज आपल्या शेगडीवर आली, या आनंदात ती वाहून गेली. दुसरा कुणी सोनार असता तर त्यानं टिचकी मारली असती. पेमा पडली तांड्याची लेक. तिनं वांकी तागडीत घालून तोल म्हातारीला दाखवला, तोडायला मऊ व्हावी म्हणून सरळ निखाऱ्यांवर ठेवली आणि भाता धरला.

ऊन पत्र्यावर चढलं होतं. म्हातारी पहाटे उठून आलेली, त्यात शेगडीची ऊब. बसल्या बसल्या तिची मान खाली आली आणि दोन-चार पळं तिथंच राहिली.

तेवढ्यात पेमाच्या नाकात वास शिरला. चांदीला वास नसतो. हा जळक्या लाखेचा वास होता, आणि तो कळेपर्यंत उशीर झाला होता. वांकीच्या जोडातून काळपट लाल फेस उकळून आला, फाट्‌दिशी आवाज झाला आणि उकळती लाख तिच्या डाव्या मनगटावर उडाली. पेमानं ओठ दाबून हात पाण्याच्या घमेल्यात घातला. पत्र्याखाली धूरच धूर झाला. शेजारच्या दोन बाया धावत आल्या आणि म्हातारीनं डोळे उघडले.

निखाऱ्यांवर वांकीची फाटकी साल पडली होती. जाडी नखाएवढी.

"काय टाकलंस गं आगीत?" जिवनबाईनं विचारलं.

"तुमचीच वांकी, काकी."

"माझ्या याडीची वांकी भरीव होती."

"मला बी तेच ठावं होतं. आत लाख निघाली."

म्हातारी आधी त्या सालीकडं आणि मग पेमाच्या हाताकडं बघत राहिली. "माझा डोळा लागला जरासा," ती सावकाश म्हणाली, "अन् तेवढ्यात भरीवची पोकळ झाली."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. दोन्ही शेजारणींनी पदर तोंडाला लावले.

"दुसरी तुमच्या कमरंला हाय," पेमा म्हणाली. हात भाजून निघत होता, पण आवाज हलला नाही. "मी तिला हात लावला न्हाई. तीच उघडून बघा."

"तुझ्या शब्दावर मी याडीची निशाणी फोडू?" म्हातारीनं साल चिमट्यानंच उचलली, पाण्यात बुडवून फडक्यात बांधली आणि ओढ्याच्या वाटेनं पायी निघाली.

दिवस मावळायच्या आत पाच बाया आपापल्या वस्तू परत न्यायला आल्या. एकीला पाहुणे येणार होते, एकीचा विचार बदलला होता. पाचवीनं सबबही सांगितली नाही. पेमासमोर बसून तिनं घुगरीचे घुंगरू बोटानं मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि उठली. पेमाला भाजका हात झोंबला नव्हता इतकं ते मोजणं झोंबलं.

मोहनसिंग शेतातून आला तोवर त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं मनगटाला कोरफडीचा गर लावला. मग म्हणाला, "माझ्या आईची हांसली हाय. ती वितळव, कमी पडलेली भर घाल अन् मिटव."

"भर घातली म्हंजे चोरी कबूल केली."

"लोक काय म्हणायचं ते म्हणूनच राहिलेत."

"म्हणू द्या. मी घेतलं न्हाई ते मी देणार न्हाई." ती उठली. "उद्या जाते तिच्या घरी."

"एकटी? मारतेत ते लोक."

"हात सोडून कुठं बी मारा म्हणते. हाताचं काम हाय माझं."

मंगळवारी ती ओढा ओलांडून गेली तेव्हा कमरेला बारीक गिरमीट खोचलेलं होतं. जिवनबाईच्या घरची माणसं काळं पडलेलं सोयाबीन गोळा करायला रानात गेली होती. अंगणात म्हातारी आणि पुजा दोघीच होत्या. म्हातारीनं ये म्हटलं नाही, तरी पेमा बसली.

"माझी एक चूक हाय, ती आधी सांगते," ती म्हणाली. "दागिना आधी वाजवून बघायचा असतो. मी बघितला न्हाई. तुमच्या याडीचं नाव ऐकून होते म्हणून. ही चूक माझी. चांदी मी घेतली न्हाई." तिनं गिरमीट पुढं ठेवलं. "दुसऱ्या वांकीला आतल्या अंगानं तिळाएवढं भोक पाडा. आरपार चांदी निघाली तर माझी पेटी, ऐरण तुमच्या दारात आणून टाकते अन् ट्रकात बसते. लाख निघाली तर तुमी तांड्यात सांगायचं."

"करून टाक आजी," पुजा म्हणाली. "मला असल्या संशयाच्या चांदीचं काही घालायचं न्हाई."

म्हातारीनं कमरेची गाठ सोडली. मग तिनं पिशवीतून वांकी काढली. "हिच्या हातात न्हाई. पुजा, तू पाड."

पुजानं वांकी पायाखाली धरून गिरमीट फिरवायला घेतलं. आधी चांदीचा पांढरा, चमकता किस निघाला, तो बघून म्हातारीनं पेमाकडं मान वळवली. पेमा हलली नाही. दोन-चार फेऱ्यांनंतर गिरमीट एकदम आत गेलं, आणि पुजानं ओढून काढलं तर टोकाला काळपट लाल भुकटी चिकटलेली. म्हातारीनं ती बोटावर घेतली, हुंगली आणि बोट पदराला पुसलं. कोंबडी येऊन तो चांदीचा किस टोचू लागली तरी तिला कुणी हाकललं नाही.

"याडी पाय घासत चालायची," जिवनबाई म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कोण जाणे. "लई घासत. लांबून कळायचं, याडी आली. लोक म्हणायचे, ऐका, भरीव चांदी चालली." ती थांबली. "पण आधी न्हवती तशी चालत. मी ल्हान असताना तिच्यामागं पळावं लागायचं. बाहत्तरच्या दुष्काळात ती कळमनुरीच्या बाजाराला गेली. दोन दिवस आली न्हाई. आली ती ज्वारी घेऊन, एक गठुडं डोक्यावर, दोन पोती मागून बैलगाडीत. वांक्या पायात तशाच होत्या. आमी खुश. कुणी इचारलं न्हाई ज्वारी कुठून आली. तवापासून घासायली पाय. म्हणायची, वय झालं, वांक्या पेलंनात. तीस वर्षांची बाई. कसलं आलंय वय?"

तिला हसू आलं, मग ते हसू आवरेना आणि मग डोळ्यांना पदर लागला. "हिनं अर्धी जिनगी सोंग केलं गं. आमी पाच लेकरं होतो. तांड्यात कितीक घरची लेकरं गेली त्या साली, आमी पाचच्या पाच वाचलो. चांदी खाल्ली आमी तिची."

पुजानं आजीचा हात धरला. कमरेच्या कळीनं भिंत धरून उठणाऱ्या बाईला पाय घासत चालणारी बाई समजायला वेळ लागत नाही. पण पेमा कामाला आली होती.

"काकी, तांड्यात मला चोर म्हणून राहिलेत."

म्हातारीनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यासारखी ताठ झाली. "अन् मी काय सांगू? याडीच्या वांक्या खोट्या होत्या म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं मरेस्तोवर झाकली, अन् मी चव्हाट्यावर उघडू?"

"ते तुमी ठरवा," पेमा म्हणाली. "माझ्या तोंडून ही गोष्ट जायची न्हाई. पण चांदी भरून बी देणार न्हाई." आणि गिरमीट कमरेला खोचून ती निघाली.

हापशावर बाया होत्या. ती आली तशा गप्प झाल्या. एक वाक्य बोललं असतं तर सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली असती, आणि ते वाक्य अगदी जिभेवर आलेलं होतं. पेमानं ते गिळलं. मेलेल्या बाईची वांकी चारचौघांत फोडायचीच तर तिच्या लेकीनं फोडावी, सोनारानं नाही. तिनं घागर भरली, कमरेची कळ दातांखाली दाबून उचलली आणि घरी आली. बुधवार तसाच गेला. मोहनसिंगनं ट्रकात न्यायच्या पत्र्याच्या पेटीची कडी तेवढी नीट केली.

गुरुवारी तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यावर मुकादम येऊन बसला. कडुनिंबाखाली सारा तांडा जमला. एकेक जोडी पुढं जाऊन होकार देत होती. मोहनसिंगचा नंबर आला तसा तो उभा राहिला आणि बायकोकडं बघू लागला. पेमानं मान हलवली नाही, ना होय ना नाही. बैल गाळात बसावा तसा तो तिथंच उभा राहिला.

तेवढ्यात स्कुटी आली. मागून जिवनबाई उतरली, लुगडं सारखं केलं आणि सरळ ओट्यापुढं गेली. नायकानंही उठून जागा दिली, पण ती बसली नाही.

"दोन गोष्टी सांगायच्या हायेत, मंग तुमचं चालू द्या," ती म्हणाली. तिनं भोक पाडलेली वांकी आणि ती फाटकी साल दोन्ही हातांत वर धरली. "ह्या माझ्या याडीच्या वांक्या. दोन्ही पोकळ. आत लाख हाय. बाहत्तर साली तिनं भरीव मोडल्या, ह्या घालून घरी आली अन् पाच लेकरं जगवली. हे तिनं नवऱ्याला बी कळू दिलं न्हाई. ज्याला हसायचंय त्यानं आत्ता, माझ्यासमोर हसावं."

कुणी हसलं नाही. मागं एक म्हातारा खाकरला तेवढाच.

"दुसरी गोष्ट. सोमवारी माझा डोळा लागला, ती माझी चूक. ह्या पेमाचा हात हलला न्हाई. मंगळवारपासून तिला सगळं ठावं हाय अन् तिनं तोंडातून ब्र काढला न्हाई. तुमाला कळलं असंल तर सांगा, कुणाकडून कळलं?"

हापशावरच्या बाया जमिनीकडं बघू लागल्या. घुंगरू मोजणारी तर नायकिणीच्या मागं सरकली.

मुकादमाला या साऱ्यात काही रस नव्हता. "मोहनसिंग, तुझं काय ते सांग. कोयता धरू का?"

"न्हाई," मोहनसिंग म्हणाला. इतक्या लवकर तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. "भात्यावर माणूस लागंल आता."

जिवनबाई पेमाच्या पत्र्याकडं निघाली तशा दहा-बारा बाया मागोमाग गेल्या. म्हातारीनं वांकी आणि साल ऐरणीवर ठेवली. "बघ, ह्यात काय काय बसतंय."

पेमानं वांकीला टिचकी मारली, दोन्ही तोलल्या, लाखेचा अंदाज मनात वजा केला. "टोपली-घुगरी मनासारखी व्हईल. हांसलीला कमी पडंल. बारीक करावी लागंल. न्हाईतर पोकळ करून लाख भरते, मोठी दिसंल."

"बारीक कर," म्हातारी म्हणाली. "पण भरीव. आमच्या घरात आता कुणी पाय घासत चालायचं न्हाई. अन् पोरगी म्हणती ते निळे खडे बी लाव."

पेमानं गोणपाट झटकून शेगडीपुढं अंथरलं. "बसा काकी. आत्ताच पेटवते."

"बसून काय करू?" जिवनबाई म्हणाली. "घरी सोयाबीन वाळत घातलंय, त्याला हलवायला कोण हाय? झालं की सांगावा धाड."

आणि ती स्कुटीवर बसून निघून गेली. चांदी ऐरणीवर तशीच होती. दहा-बारा बाया पत्र्याखाली उभ्या होत्या, त्यांतल्या एकीनंही अशी चांदी टाकून गेलेली बाई जन्मात पाहिली नव्हती. पेमानं गोणपाटाची घडी घालून बाजूला ठेवली आणि भाता धरायला नवऱ्याला हाक मारली.